उजेडाचा मुक्काम

रौफ सर,

तुमच्या शोकसभेत तुम्हाला दीपस्तंभ म्हणाले. एखादा नाही, जो बोलायला उठला तो म्हणाला. ज्ञानाचा दीपस्तंभ, समाजाचा दीपस्तंभ, वसमत तालुक्याचा दीपस्तंभ. एका वक्त्यानं 'चालताबोलता दीपस्तंभ' म्हटलं तेव्हा मला मागच्या खुर्चीत हसू फुटलं आणि मी घाईनं रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, रडतेय. तुम्ही असता तर तिथल्या तिथं हात वर करून विचारलं असतं, "चालणारा दीपस्तंभ जहाजाच्या काय कामाचा?"

आपल्याकडं माणूस गेला की त्याचा दीपस्तंभ करून टाकतात. बोलणाऱ्यानं समुद्र पाहिलेला नसतो, ऐकणाऱ्यानंही नसतो. हिंगोली जिल्ह्यातून समुद्राकडं तोंड करून चालायला लागलं तर आधी चपला संपतील. तरी शब्द आहे, आणि तो मेलेल्याच्या फोटोखाली लिहायला राखून ठेवलेला आहे. मला याचा राग येतो. तुम्हाला राग यायचा नाही, तुम्हाला प्रश्न पडायचा. आपलं सगळं भांडण तेवढ्यावरच चाललं.

मी बोलायला उठले नाही. माझ्याजवळ जे होतं ते श्रद्धांजलीत बसणारं नव्हतं. ते अर्धवट राहिलेलं भांडण होतं आणि भांडायला समोर तुम्ही पाहिजे होतात. तुम्हाला कब्रस्तानात नेलं तेव्हाही मी आणि फाट्यावरची हॉटेलवाली गयाबाई गेटच्या बाहेरच होतो, बायका आत जात नाहीत म्हणून. त्यावर मी आणखी एक पत्रक काढू शकते, पण ते नंतर. गयाबाई कुंपणाच्या जाळीला धरून एवढंच म्हणाली, "आता माझ्या चहाला नावं कोण ठेवंल?"

म्हणून हे लिहिते. यात 'धिक्कार असो' नाही. माझ्या लिहिण्यात पहिल्यांदाच.

तुम्ही आम्हाला सहावीत भूगोल शिकवायचात. फळ्यावर खडूनं एक उंच काहीतरी काढलं, वर दिवा, खाली लाटा. कुणीतरी मागून ओरडलं, "सर, पाण्याची टाकी हाय का?" अख्खा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "टाकी म्हण बापा. पण टाकीवर दिवा काहून लावला असंल?" असं विचारलंत आणि उत्तर न सांगता घंटा होऊ दिली. मला तेव्हाही राग आला होता. उत्तर माहीत असून सांगायचं नाही म्हणजे काय? मी उभी राहून तसं बोललेही. तेव्हापासून तुम्ही मला भडकाबाई म्हणायला लागलात.

मग मी कॉलेजात गेले, मोर्चात गेले, पत्रकं लिहायला शिकले. तुम्ही रिटायर झालात. पुन्हा आपली गाठ पडली ती हळदीच्या दिवसांत, गेल्या साली, बसमधून उतरताना.

नांदेडहून येत होतो. तुम्ही डोळे दाखवून येत होतात, मी कुठल्या तरी बैठकीहून. दिवेलागण होऊन गेली होती. आपल्या चिंचफाट्यावर उजेड म्हणजे काय तर गयाबाईच्या हॉटेलातला पिवळा बल्ब, बाकी सगळा अंधार. त्या दिवशी गयाबाई लेकीकडं नरसीला गेली होती, हॉटेल बंद. नवीन कंडक्टर. त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असणार, की पिवळा उजेड दिसला की फाटा. त्याला डाव्या हाताला पिवळा उजेड दिसला, त्यानं घंटी मारली. "चला चिंचफाटा, चिंचफाटा." तुम्ही उतरलात, मी उतरले, एक लेकुरवाळी बाई उतरली, माहेराला निघालेली. बस गेली. समोर शेत होतं आणि बांधावर पऱ्हाट्यांचा जाळ करून एक माणूस कढईत हळद शिजवून राहिला होता.

त्यानंच विचारलं, "कुठं जायचंय?"

"फाट्यावर."

"हितं फाटा न्हाई. हितं हळद हाय."

फाटा बराच पुढं होता. आपण रस्त्याच्या कडेनं निघालो. मागून ट्रक यायचे, अंगावर झोत पडायचा आणि गेला की काहीच दिसायचं नाही. एका ट्रकच्या हॉर्नला ती बाई दचकली आणि साइडपट्टीवरून खाली घसरली. लेकरू तिनं वर धरलं म्हणून वाचलं, तिचं मनगट मोडलं. मी त्या कंडक्टरच्या सात पिढ्या काढत होते. तुम्ही तिच्या हाताला आपला गळ्यातला रुमाल बांधलात, लेकरू माझ्याकडं दिलंत आणि मग चालता चालता म्हणालात, "पण त्याला तसं दिसलं काहून असंल?"

"आंधळा होता म्हणून."

"न्हाई. त्याला उजेड ठाऊक होता, जागा ठाऊक न्हवती. खोटा मनारा झाला बघ त्याला."

"मनोरा?"

"मनारा. तुमचा मनोरा तिथूनच आलाय. अरबीतून. समुद्राच्या काठाला जहाजांसाठी उजेड ठेवायची जागा."

मी म्हटलं, मनोरा म्हणजे उंच. हा तर जमिनीवरचा जाळ होता. तुम्ही अंधारात थांबलात, मागून ट्रक येतोय याचीही शुद्ध नव्हती. "उंची मागाहून चिकटली, बेटा. शब्दात उंची कुठंच न्हाई. शब्दात उजेड हाय अन् जागा हाय. बस."

एका बाईचा हात मोडलेला, माझ्या खांद्यावर परकं लेकरू रडतंय, आणि तुम्ही व्युत्पत्ती सांगताय. मी फार चिडले होते. पण घरी गेल्यावर झोपताना माझ्या डोक्यात तोच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहून तुमच्याकडं आणलं. 'अंधारात जनतेचे बळी घेणाऱ्या मुर्दाड यंत्रणेचा जाहीर धिक्कार.' तुम्ही चष्मा पुसून वाचलंत, म्हणालात, "धिक्कार राहू दे. पण दिवा कुठं पाहिजे, ते लिवलंच न्हाई तू." आणि मला घेऊन फाट्यावर आलात. छापायच्या आधी ज्यांना पत्रक वाटायचं त्यांना वाचून दाखवायचं, ही तुमची रीत. गयाबाईच्या बाकड्यावर बसची वाट बघणारी माणसं असायची, त्यांच्यापुढं मी मोठ्यानं वाचायचं. जिथं कुणी जांभई दिली तिथं तुम्ही पेन्सिलीनं आडवी रेघ मारायचात. गयाबाई भांडी विसळता विसळता म्हणायची, "हे न्हाई कळलं," की तिथंही रेघ. माझ्या पहिल्या पत्रकातलं 'मुर्दाड' तेवढं टिकलं, कारण त्यावर सगळे खूश झाले.

त्याच बाकड्यावर तुम्ही मला मनारा शिकवलात. तुमचं सांगणं असं, की अरबीत एखाद्या कामाला पुढं 'म' जोडला की त्या कामाची जागा होते. सजदा करायची जागा मशीद. किताब ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातला मकतब, लिहायची जागा. नूर म्हणजे उजेड, त्याची जागा मनार, मनारा. यहुद्यांच्या सात वातींच्या समईचं नावही याच कुळातलं, म्हणालात. मग हा शब्द फारसीतून, दखनीतून, घोड्याबैलांवरून इकडं आला. येताना समुद्र मागं राहिला. पुढं उजेडही गळाला आणि आमच्या हातात नुसती उंची आली. "आता तर माणसाच्या खांद्यावर माणूस चढला तरी तुमी मनोरा म्हणता. त्यात दिवा कुठाय?"

गयाबाईनं विचारलं, "मास्तर, आमच्या बोलण्यात हाय का असा म-वाला शब्द?"

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मला आठवतं, कारण तुम्ही चहा अर्ध्यात कधी ठेवत नव्हता, शिव्या देत देत संपवायचात. "हाय की. मुक्काम. अरबीत मकाम. उभं राहायची, ठरायची जागा. मनार अन् मकाम एकाच साच्यातून काढलेले, भाऊभाऊ बराबर."

"म्हंजे उजेडाचा मुक्काम," गयाबाई म्हणाली आणि पुढची कपबशी विसळायला घेतली.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. सगळ्या पत्रकांत 'उजेडाचा मुक्काम' हे एकच शीर्षक असं होतं ज्यावर तुमची पेन्सिल फिरली नाही. मी विचारलं, मग मशिदीच्या मिनारावर पूर्वी दिवा लागायचा का? तुम्ही म्हणालात, "कुणी म्हणतं लागायचा, कुणी म्हणतं दिव्याच्या खांबाचं नुसतं नाव तिकडं गेलं. मला ठाऊक न्हाई." 'मला ठाऊक न्हाई' हे तुम्ही असं म्हणायचात, जसं दुसरं कुणी म्हणतं, जेवायला बासुंदी आहे.

आणि मग ते भांडण. अरबीत नूर म्हणजे उजेड आणि नार म्हणजे आग, आणि दोन्ही एकाच मुळाचे, हे तुम्ही बोलून गेलात आणि मी तिथंच पकडलं. म्हटलं, मग मनारा आगीची जागा. काठावर लाकडं पेटवल्याशिवाय उजेड कुठून येणार? आधी आग. तुम्ही म्हणालात, खलाशाला विचार, त्याला आगीशी काय देणंघेणं? त्याला उजेड पाहिजे. मी म्हटलं, खलाशाचं राहू द्या, जो लाकडं घालतो त्याचं बोला. तुम्ही म्हणालात, "त्याच्यासाठी न्हवता तो शब्द." मी म्हटलं, "शब्द त्याच्यामुळंच होता." गयाबाई म्हणाली, "आग म्हणा, उजेड म्हणा, चहाचे पैसे कोण देतंय?"

आपण हे भांडण किती वेळा भांडलो. मी भडका, तुम्ही कंदील. मला वाटायचं तुम्ही माझ्या रागाला नावं ठेवताय. तसं मी कधी विचारलं नाही.

अर्ज गेले, पत्रकं गेली, रस्ता अडवला, आणि शेवटी फाट्यावर दिव्यांचा खांब आला. केवढा उंच. वर गोल कडं, कड्याला दिव्यांची भांडी. नारळ फुटला, फोटो निघाले. फक्त वीज आली नाही. मीटरची फाइल कुठल्या तरी टेबलावर आहे असं सांगतात आणि टेबल कुठं आहे ते सांगत नाहीत. कावळ्यांची तेवढी सोय झाली. मी खाली उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होते, आणि तुम्ही मान वर करून बघत म्हणालात, "शब्दाचं झालं तेच खांबाचं. उंची आली."

त्या पावसाळ्यानंतर तुम्ही नाझिमा आपांकडं, तुमच्या लेकीकडं गेलात. जावयानं तुम्हाला समुद्र दाखवला, काठावरचा दीपस्तंभ दाखवला. आयुष्यभर फळ्यावर काढलेली वस्तू तुम्ही पहिल्यांदा बघितलीत. परत आल्यावर मी धावत आले, विचारलं, कसा होता? तुम्ही म्हणालात, "दिवसा नेलं बेटा. दिवसा तो खांबच असतो." अंधार पडेपर्यंत थांबू म्हणालात, तर जावयाला परत निघायची घाई होती. तुम्ही त्याला दोष दिला नाहीत. माझ्या तोंडावर आलं होतं, आपण दोघं जाऊ, संध्याकाळ बघून जाऊ. पण तेव्हा माझं उपोषण ठरलेलं होतं, म्हटलं नंतर सांगू. राहिलं.

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून होतात, श्वास लागत होता. मी तरी सोडलं नाही. म्हटलं, सर, आग का उजेड, आता काय तो निकाल लावा. तुम्ही हसलात. "आग खरी व्हय का ते मी सांगू शकत न्हाई. मी कधी जाळापाशी बसलो न्हाई, मी तर मास्तर. तू बसून बघ अन् मला सांग." पुन्हा तेच. उत्तर न सांगता घंटा.

आता पुढचं ऐका. हे तुम्हाला सांगण्यासाठीच लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर त्या बंद खांबाला एक फ्लेक्स बांधला गेला. तुमचा फोटो, शेजारी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा त्याहून मोठा फोटो, खाली 'ज्ञानाचा दीपस्तंभ हरपला'. न पेटणाऱ्या खांबावर. मी ते बघितलं आणि माझं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर त्या पुढाऱ्याचा माणूस तुमच्या घरी आला. नाझिमा आपा होत्या, मी होते, गयाबाई चहा घेऊन आली होती. तो म्हणाला, तुमच्या चाळिसाव्याच्या दिवशी साहेब येतील, मोठा जनरेटर लावतील आणि सरांच्या नावानं दिवे लावतील. "ताई, सगळा फाटा दिवसासारखा करतो."

मी विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीचं बघू ना. प्रोसेस चालू हाय."

खरं सांगते, सर, मला मोह झाला. एकदा का होईना, तो खांब पेटलेला बघायचा होता. तुमच्या नावानं पेटलेला. आणि पेटला की बातमी होईल, बातमी झाली की फाइल हलेल, असा हिशोब मी मनात मांडलासुद्धा. पत्रकवाल्यांना असे हिशोब फार लवकर जमतात. नाही म्हटलं तर कदाचित कधीच पेटणार नाही, हेही दिसत होतं.

गयाबाई चहा ओतता ओतता म्हणाली, "म्हंजे दीपमाळ. सणाला पेटवायची, वर्षभर कावळे बसवायचे."

"मावशी, तसं न्हाई…"

"कसं न्हाई? त्या दिवशी कंडक्टर बघंल, मोठा पांढरा उजेड म्हंजे चिंचफाटा. दुसऱ्या दिवशी त्यो पांढरा उजेड हुडकत वारंगा फाट्याला जाईल. माझा पिवळा बल्ब दिसूनबी थांबायचा न्हाई."

मग मला बांधावरचा जाळ आठवला, लेकरू वर धरून घसरलेली ती बाई आठवली. एक दिवसाचा उजेड हा नसलेल्या उजेडापेक्षा वाईट. हे तुमच्या शब्दातच होतं. उजेड अन् जागा. ठरायची जागा. जो मुक्काम करत नाही तो मनारा नव्हे, तो पाहुणा.

मी नाझिमा आपांकडं बघितलं, कारण वडील त्यांचे होते. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "अब्बांच्या नावानं खोटा दिवा नको. मीटर द्या. नावाची गरज न्हाई." तो माणूस उठला. दारातून म्हणाला, "मग बसा अंधारात." मी त्याला जे उत्तर दिलं ते तुम्ही पेन्सिलीनं खोडलं असतं.

फ्लेक्स आम्ही उतरवला. तुमचा फोटो कापून आपांनी घरी नेला, उरलेला फ्लेक्स बांधावरचा तो हळदवाला घेऊन गेला. परवा बघितलं, शिजवलेली हळद त्यावर वाळत घातलेली आहे. एका टोकाला 'दीपस्त' एवढंच दिसतं, बाकी सगळं हळदीखाली. पुढाऱ्याच्या तोंडावर सगळ्यात जाड थर आहे. मुद्दाम नसेल. असलं तरी मी विचारणार नाही.

आणि अंधारात आम्ही बसलो नाही. मीटर येईपर्यंत गयाबाईचा बल्ब रोज लागणार, हॉटेल बंद असलं तरी. तिनं किल्ली फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं ठेवलीय, आणि ती नसली की कुणी लावायचा त्याच्या पाळ्या ठरल्यात. मी म्हटलं होतं, एलईडी लावू, वीज वाचेल. गयाबाई म्हणाली, "पांढरा नको. पांढरा म्हंजे गाडी. पिवळा म्हंजे फाटा, हे डायवरांच्या डोळ्यात बसलंय." नवं पत्रक छापून आलंय, बाकड्यावर वाचून झालंय. शीर्षक तेच. रेघ मारायला तुम्ही नव्हता, तर लोकांनी जांभयाच दिल्या नाहीत, उगीच मानानं बसून राहिले. मला ते आवडलं नाही. मीच दोन परिच्छेद खोडले.

काल गयाबाई नरसीला गेली. पाळी माझी होती. तिच्या बल्बला बटण नाही, बल्ब होल्डरमध्ये पिळला की लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी पिळला, लागला. थोड्या वेळानं फडफडायला लागला, बसची वेळ होत आलेली, म्हणून घट्ट करायला मी पुन्हा हात घातला. गयाबाई पदर धरून पिळते, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. बोटं अशी पोळली की डोळ्यांत पाणी आलं. तरी सोडला नाही, घट्ट बसेपर्यंत धरला. मनात म्हटलं, बघा सर. जिंकले. जाळापाशी बसून सांगते, आग आहे ती.

तेवढ्यात बस आली. बराबर फाट्यावर थांबली. एक म्हातारी उतरली, पिशवी खाली ठेवून तिनं मागं अंधारात बघितलं, मग बल्बकडं बघितलं आणि मला म्हणाली, "लय लांबून दिसला गं पोरी. डायवर म्हणला, आलाच तुमचा फाटा."

मी पोळलेली बोटं ओढणीत लपवून तिची पिशवी उचलली. तिला आगीचा पत्ताच नव्हता, सर. तिला उजेड आला होता.

निकाल मला लावता येत नाही. फोड आलाय, आज दुखतोय. गयाबाई अजून लेकीकडंच आहे आणि आजची पाळी दुसऱ्याची आहे, तरी मी संध्याकाळी जाणार आहे. आज ओढणी धरून पिळीन.

तुमची,
भडकाबाई